कुणाच्या पाढ्यात न बसणारी रास

एका राज्यात धान्य इतके पिकत असे, की तिथल्या मुंग्यासुद्धा आळशी झाल्या होत्या. राजाचे नाव वज्रकेतू. नाव वज्राचे, स्वभाव मात्र लोण्याचा; कुणी शहाणपणाचे दोन शब्द बोलले की राजा विरघळलाच. आणि असे शब्द बोलायला दरबारात शंकुधर नावाचा राजगणक होता. नदीकाठी उभा राहिला तर तो लाटा मोजी, लग्नाला गेला तर अक्षता मोजी. माणूस मनाने वाईट नव्हता, पण जे मोजता येत नाही ते नसतेच, असे त्याचे ठाम मत होते. त्याची बायको कमळजा. नवऱ्याच्या धूळपाटीवरची धूळ सारखी करता करता तीही गणित शिकली होती, पण तिने ते चारचौघांत कधी मिरवले नाही.

एका साली राज्याच्या बाराही महालांचे, म्हणजे परगण्यांचे, धान्य राजधानीबाहेरच्या मोठ्या खळ्यावर आले. शंकुधराने ते पायलीने मोजवले. पायल्या भरल्या तीन कोटी नव्याण्णव लक्ष सोळा हजार आठशे एक. शेवटची पायली राशीवर पडली, तोच शेषकर्ण नावाचा मांत्रिक खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. अंगाने काटकुळा, पोट पाठीला लागलेले, कानांच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबलेल्या. त्याने राशीवर एक फुंकर मारली. एकेका पायलीचा एकेक मोती झाला आणि घरोघरच्या कणग्या त्याच क्षणी रिकाम्या झाल्या.

मांत्रिक म्हणाला, "राजा, ही रास सारखी वाट. दोघांत वाट, बारांत वाट, हव्या तितक्यांत वाट. मागे काही उरले नाही, तर मोत्यांचे पुन्हा धान्य होईल. उरले, तर वाटणारा दगड होईल. मुदत चाळीस दिवसांची. त्यानंतर मोती ते मोतीच."

राजा म्हणाला, "मी एकट्याने सगळी घेतली, तर मागे काहीच उरणार नाही."

"तो वाटा नव्हे, राजा."

एवढे बोलून मांत्रिक दिसेनासा झाला. आमचे चुकले काय, हे राजाने विचारायला हवे होते. पण घाबरलेल्या माणसाला नेमका कामाचा प्रश्न सुचत नाही.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे पोटापेक्षा जड झाला. लोक कंदमुळे उकरू लागले. शंकुधराने धूळपाटी पुढे ओढली. रास दोघांत वाटली, एक मोती उरला. तिघांत वाटली, एक उरला. चौघांत, पाचांत, सहांत, सातांत वाटून पाहिली. दर खेपेला एकच मोती मागे राही आणि त्याच्याकडे पाहून हसल्यासारखा दिसे. बारा महालांचे बारा वाटे केले, तरी तेच.

"स्वामी, आणखी विचार करावा," कमळजा म्हणाली.

"तीन कोटींत एक म्हणजे काय? काहीच नाही!" शंकुधर म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने खळ्यावर बारा वाटे मांडले आणि उरलेला मोती कुणाला दिसू नये म्हणून हळूच कनवटीला लावला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सगळे मोती टुणटुण उड्या मारत राशीत परत गेले, कनवटीचासुद्धा. आणि राजगणक पायापासून कपाळापर्यंत दगड झाला.

कमळजा धावत खळ्यावर आली. तिने पदराने त्या दगडाच्या तोंडावरची धूळ पुसली, आणि मग तिला रडू आवरेना. नवरा हट्टी होता, गर्विष्ठही होता. पण तो तिचा होता, आणि रोज जेवताना पहिल्या घासाला तिच्याकडे पाहून मान डोलवीत असे. तेवढी एक मान डोलावणी आठवून तिचा जीव तुटत होता.

तेव्हा दगडाच्या खांद्यावर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला. पंख तांबूस, डोळे गुंजेसारखे लाल.

"बाई, त्या संख्येचे कुळ विचारून ये," तो म्हणाला. "आधी चौकात विचार, मग झाडावर विचार, मग खळ्यावर विचार. तिन्ही ठिकाणी उत्तर मिळाले, तर तुझा धनी उठेल की नाही ते मला ठाऊक नाही. राज्य मात्र जेवेल."

"वाट कोण दाखवील?"

"मी दाखवीन."

"तुझे उपकार झाले," कमळजा म्हणाली. पक्ष्याने मान वाकडी करून तिच्याकडे जरा वेळ पाहिले. माणसांनी त्याच्याशी असे बोलण्याची त्याला सवय नव्हती.

तीन दिवस चालल्यावर वाटेत चौरंगी नावाची राक्षसीण आडवी आली. तिच्या घरापुढे मोठे मोकळे अंगण होते, आणि अंगणाच्या कडेला हाडांचा ढीग होता. कुणाची हाडे, ते विचारण्याची गरज नव्हती.

"लेकी, तुमच्या राजाकडे मोत्यांची रास आहे म्हणे," राक्षसीण म्हणाली. "जितक्या ओळी, तितकेच ओळीत मोती, असा नेमका चौक त्या राशीतून माझ्या अंगणात बसेल का? खोटे बोललीस तर खाईन. खरे बोललीस तर बघू."

कमळजेने काडी घेतली आणि मातीत आकडे मांडले. दुपार उलटली. मग ती उठून उभी राहिली. "आई, नाही बसत. सहा हजार तीनशे सतरा ओळी केल्या, तर बारा हजार तीनशे बारा मोती उरतात. एक ओळ वाढवली, तर तीनशे तेवीस कमी पडतात. चौक व्हावा अशी ही संख्याच नव्हे."

राक्षसीण मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांतून घागरीएवढे अश्रू आले. "शंभर वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या त्याच्या राशीचे असेच विचारते आहे. जो येतो तो भीतीने म्हणतो, बसेल, बसेल. मी मांडून पाहते, बसत नाही, मग चिडते. खरे कुणी सांगितलेच नाही. आता मी अंगणात भोपळे लावीन."

"भोपळे छान होतील," कमळजा म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटले.

राक्षसिणीने जाताना तिला एक गोष्ट बांधून दिली. "लेकी, कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार करून ही रास होत असेल, तर त्यांतली धाकटी संख्या सहा हजार तीनशे सतराच्या वर असणार नाही. दोघीही त्याहून मोठ्या असल्या, तर गुणाकार राशीच्या पलीकडे जाईल. म्हणून तेवढ्यापर्यंतच शोध, पुढे पाय झिजवू नकोस." कमळजेने वाकून नमस्कार केला. शोधाला शेवट आहे हे कळणे, हीसुद्धा केवढी देणगी असते!

पुढे झाड लागले. त्या झाडावर आठशे बावीस पोपट होते, आणि प्रत्येक पोपटाला एकच पाढा येत होता. एकाला दोनाचा, एकाला तिनाचा, एकाला पाचाचा, एकाला साताचा, अशी रांग थेट सहा हजार तीनशे सतराच्या पाढ्यापर्यंत गेली होती.

"चाराचा पोपट का नाही?" कमळजेने विचारले.

"चाराचा पाढा दोनाच्या पोटात असतो. सहाचाही," भारद्वाज म्हणाला. "इथे फक्त तेच आहेत, जे दुसऱ्या कुणाच्या पाढ्यात येत नाहीत. प्रत्येकाला विचार, की माझी संख्या तुझ्या पाढ्यात आहे का. एकालाही वगळू नकोस."

पोपट वाऱ्याच्या वेगाने पाढा म्हणत. पण ऐकणाऱ्याने मध्ये शिंकले, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत. ही खरी पोपटपंची! कमळजेने नाक धरून ऐकले. दोनाचा म्हणाला, "माझ्यात नाही, एक उरतो." तिनाचा म्हणाला, "एक उरतो." पाचाचा, साताचा, अकराचा, सगळे तेच म्हणाले. तेराचा म्हणाला, "दोन उरतात." सतराचाही दोन म्हणाला, एकोणिसाचा पाच म्हणाला. रोज तीस पोपट, असे सत्तावीस दिवस गेले; अठ्ठाविसाव्या दिवशी राहिलेले बारा झाले. प्रत्येकाचे ऐकून झाल्यावर ती हात जोडी आणि म्हणे, "तुझे उपकार झाले." सहा हजार तीनशे सतराचा पोपट तर ते ऐकून फांदीवरून घसरलाच. त्याच्यापर्यंत आजवर कुणी पोहोचलेच नव्हते.

कमळजा झाडाखाली बसली. "म्हणजे ही संख्या कुणाच्याच पाढ्यात नाही. फक्त एकाच्या आणि तिच्या स्वतःच्या. ती कितीही जणांत वाटली तरी सारखी वाटली जाणार नाही. एकेक मोती द्यायचा म्हटला, तर तितकी माणसे राज्यात नाहीत. मुंग्या धरूनसुद्धा नाहीत."

"मग परत जाऊया का?" भारद्वाजाने विचारले.

नवऱ्याच्या दगडी तोंडावर आता शेवाळ धरले असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो हाताने माशी उडवावी तसा उडवला. मग ती म्हणाली, "दोनापासून बारापर्यंत कुणीही वाटले, तरी एकच उरतो. दोन नाहीत, तीन नाहीत, दर वेळी एकच. तो एक नसता, तर रास या सगळ्यांच्या पाढ्यात बसली असती. म्हणजे संख्या हट्टी नाही. तो एक मोती राशीतला नसावा. कुणाचा आहे तो?"

"ते खळ्यावर विचार," भारद्वाज म्हणाला.

हे खळे राजधानीचे नव्हे, दुसरेच, रानाच्या पोटात होते. तिथे शेषकर्ण मांत्रिक बसला होता, पहिल्यापेक्षाही काटकुळा. त्याच्यापुढे ज्वारीची लहानशी रास होती आणि राशीपाशी एक पायली ठेवलेली होती.

"या राशीला माप घाल," तो म्हणाला. "तीनदा घालता येईल. तिसऱ्यांदा चुकलीस, तर इथेच दगड होऊन बसशील."

कमळजेने पायली भरली, बाजूला ओतली आणि म्हणाली, "एक." दाणे सरसर राशीत परत गेले. तिला वाटले, पायली शिगोशीग भरली म्हणून असेल. दुसऱ्यांदा तिने ती हाताने सपाट केली, ओतली आणि म्हणाली, "एक." दाणे पुन्हा परत गेले.

आता एकच खेप राहिली. तिने तिसऱ्यांदा पायली भरली. तिचे लक्ष भारद्वाजाकडे गेले. तो खळ्याच्या कडेला पंख पाडून बसला होता. इतके दिवस त्याने तिला वाट दाखवली, उन्हात तिच्या डोक्यावरून उडत सावली धरली, आणि स्वतः काय खाल्ले ते तिने एकदाही विचारले नव्हते. तिची तिलाच लाज वाटली. माप, मांत्रिक, दगड होण्याची भीती, सारे विसरून ती उठली आणि भरलेली पायली तिने त्याच्यापुढे ओतली.

"आधी तू खा," ती म्हणाली. आणि तिच्या तोंडून आपोआप तो शब्द निघाला, जो तिची आई आणि तिच्या गावच्या साऱ्या बाया पहिले माप ओतताना म्हणत. "लाभ!"

दाणे जागचे हलले नाहीत.

तिने दुसरी पायली भरली. "दोन." दाणे राहिले. "तीन." राहिले. सातापर्यंत माप पुरे झाले आणि रास संपली. तेव्हा तिला आठवले, आणि आठवले ते बरे वाटण्यासारखे नव्हते. तीन सालांपूर्वी दरबारातून हुकूम निघाला होता: 'लाभ ही संख्या नव्हे. यापुढे माप एकापासून मोजावे.' हुकूम शंकुधराचा होता. आणि राजाने त्याला शेला दिला, त्या दिवशी तिनेच त्याला दारात ओवाळले होते.

"आमचे चुकले, महाराज," ती म्हणाली. "माझेही चुकले."

शेषकर्ण म्हणाला, "पहिली पायली खळ्यावर राहत असे. पाखरे खात, मुंग्या नेत, वाटसरू मूठभर घेई. मीही घेई. मी मांत्रिक खरा, पण भूक मंत्राने जात नाही. मग तुमच्या गणकाने तिला 'एक' म्हटले आणि ती कोठारात गेली. तीन साले मी रिकाम्या खळ्यावरून परत गेलो. शाप रागाने दिला. सुटलेला बाण आता माझ्याही हातात नाही."

"तो उरणारा मोती म्हणजे लाभ का?"

"शेवटी उरते ती बाकी. आधी काढतात तो लाभ. मोती तोच, पण जागा चुकली." मांत्रिकाने आवाज खाली आणला. "आणखी एक ऐक. तोच मोती दगडाच्या छातीला लावलास, तर तुझा नवरा उठेल. पण मग तो लाभ राहणार नाही, किंमत होईल. बाकीचे मोती मोतीच राहतील. निवड तुझी."

कमळजेने त्यालाही हात जोडले. मग ती जी निघाली, ती तीन दिवस कुठे बसली नाही.

चाळीसाव्या दिवशी सकाळी बाराही महालांचे लोक मोठ्या खळ्यावर जमले होते. पोरे रडायचीही थांबली होती, इतकी थकली होती. राजा वज्रकेतू मुकुट काढून मातीत बसला होता. कमळजा राशीपाशी गेली आणि वरचा एक मोती तिने उचलला. चार पावलांवर नवरा उभा होता. दगडाचा, पण नाक तेच, कपाळावरची आठी तीच. चार पावले चालायची, छातीला मोती लावायचा, की तो डोळे उघडणार होता. तिचा हात तिकडे वळला. नाही वळला असे सांगणारा कथेकरी खोटारडा समजावा.

मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईच्या कडेवरचे मूल खोकले. कमळजेने डोळे मिटले. खळ्याची मोकळी जमीन हाताने झाडली आणि मोती खाली ठेवला.

"लाभ," ती म्हणाली. "ज्याला लागेल त्याने घ्यावा."

मोत्याची पायलीभर ज्वारी झाली. आभाळातून चिमण्या उतरल्या, होले उतरले, फटींतून मुंग्या आल्या. कुठूनसा शेषकर्णही आला, मूठभर दाणे घेऊन कडेला बसला आणि लहान पोरासारखा खाऊ लागला. मग कमळजेने राशीचे बारा वाटे केले. दर महालाच्या वाट्याला तेहेतीस लक्ष सव्वीस हजार चारशे मोती आले. मागची जमीन स्वच्छ होती. एकही उरला नव्हता. पाहता पाहता साऱ्या मोत्यांचे धान्य झाले आणि बारा डोंगर खळ्यावर उभे राहिले. लोक त्या धान्याला मिठ्या मारू लागले. राजा तर नाचलाच.

फक्त शंकुधर दगडच राहिला.

कमळजा त्याच्या पायाशी बसली. तिला वाईट वाटले, पण पश्चात्ताप वाटला नाही. जात्यांचा आवाज तिच्या कानांवर येऊ लागला होता.

भारद्वाज खळ्यावर दाणे टिपत होता. त्याने चोचीत काही दाणे धरले, उडून दगडाच्या खांद्यावर बसला आणि ते दगडी ओठांवर ठेवले.

"हे काय करतोस?" कमळजेने विचारले.

"लाभाला मालक नसतो. मला मिळाले, मी दिले. तू देऊ शकत नव्हतीस, तुला तो परत हवा होता. मला त्याच्याकडून काहीच नको."

दगडाचे ओठ हलले. दाणे चावल्याचा आवाज आला. मग गळ्याची शीर हलली, छाती हलली, आणि शंकुधर ठेचकाळल्यासारखा दोन पावले पुढे येऊन बायकोच्या अंगावर कोसळला. तिने त्याला धरले. मग तिने त्याला सगळे सांगितले; चौक, झाड, खळे, आणि त्याचा हुकूमसुद्धा. ऐकता ऐकता तो मातीत बोटाने आकडे मांडू लागला. सवय ती सवय!

"लाभ काढल्यावरची रास पाहिलीस?" तो हळू म्हणाला. "एकाला दोनाने गुण, त्याला तिनाने, त्याला चाराने, असे अकरापर्यंत गुणत जा. नेमकी हीच येते. अकरापर्यंतचे सगळे तिच्यात आहेत. तीन आणि चार आहेत म्हणून बाराही आहे. आणि मी त्यात एक मिसळला नि तिला कुणाच्याच कामाची ठेवली नाही." त्याने मांडलेले आकडे तळहाताने पुसले. "मी शेला परत करीन."

त्याच दिवशी जुना हुकूम फाडला गेला, आणि त्या राज्यात माप पुन्हा 'लाभ, दोन, तीन' असे मोजले जाऊ लागले. शेषकर्णाला दरसाल खळ्यावर पाट मांडला जाऊ लागला. कान लांब असले तरी तो आता बराच गुटगुटीत दिसतो, असे लोक म्हणत.

पण त्याआधी, त्या सकाळी, शंकुधर उठून भारद्वाजापुढे गेला. साऱ्या दरबारादेखत त्याने हात जोडले. असे हात त्याने कधी कुणापुढे जोडले नव्हते, म्हणून ते जरा वेडेवाकडेच जोडले गेले.

"पक्षिराज, तुझे उपकार कसे फेडू?" तो म्हणाला. "माझ्या ओठांवर किती दाणे ठेवलेस, तेवढे तरी सांग."

भारद्वाज म्हणाला, "मोजले नाहीत."

तेव्हा राजगणक तोंड झाकून रडला, आणि कमळजा हसली. त्यांच्या घरी जशी त्या दिवशी चूल पेटली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरीही पेटो, आणि पहिला घास कुणाच्या तरी नावाने बाजूला निघो.